स्तनकर्करोगाच्या उपचारानंतरची स्त्री : मेद, अग्नी आणि आपल्या भागातील आहार

स्तनाच्या कर्करोगाची रुग्णा वैद्याकडे बहुधा दोन वेळा येते. पहिल्यांदा येते ती गाठ हाताला लागल्यावर, शस्त्रकर्माच्या भीतीने, ‘पोटातल्या औषधाने गाठ विरघळेल का’ हा प्रश्न घेऊन. त्या वेळचे आपले कर्तव्य अगदी थोडे आणि निःसंदिग्ध आहे : एकही दिवस न दवडता तिला तपासणीसाठी व शस्त्रकर्मासाठी पाठविणे. त्याबद्दल येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्यांदा ती येते ती सर्व उपचार आटोपल्यावर, वर्षा-दीड वर्षाने. शस्त्रकर्म, केमोथेरपी, रेडिएशन पार पडलेले असते, केस पुन्हा उगवलेले असतात, आणि तक्रार असते अशक्तपणाची. ‘ताकदीचे काही तरी द्या’ असे ती किंवा तिच्यासोबत आलेली सासू वा मुलगा म्हणतो. या दुसऱ्या भेटीत वैद्याने काय पाहावे आणि काय द्यावे, किंबहुना काय देऊ नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आता अपवादात्मक राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनकर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. दुसऱ्या बाजूने, २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा देशातील कर्करोग नोंदणींच्या आधारे जो अभ्यास झाला, त्यात पाच वर्षांचे जीवितमान सुमारे ६६ टक्के आढळले. म्हणजे तीनपैकी दोघी पाच वर्षांनंतरही हयात असतात. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे २०२४ साली सुरू झाले. कर्करोगाच्या उपचारासाठी मात्र आपल्याकडील रुग्णा अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, क्वचित मुंबईस जात आल्या आहेत. उपचार संपले की ती रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा येथील आपल्या घरी परतते. तपासणीसाठी पुन्हा शंभर-दोनशे किलोमीटर जाणे शेतीच्या हंगामात राहून जाते. मग वर्षातील उरलेले सर्व दिवस तिच्या प्रकृतीची चौकशी करणारा चिकित्सक म्हणजे गावातील वैद्य, आणि कित्येकदा तर औषधालयाच्या काउंटरवरील मनुष्य. म्हणूनच हा लेख औषधालयचालकांसाठीही आहे.

अशक्तपणाच्या आड काय असते

उदाहरणादाखल एक चित्र डोळ्यांपुढे आणू. वय ४७, उंची १५० सेंटीमीटर. आजारापूर्वी वजन ४९ किलो, आता ५४. पाच किलो वजन वाढूनही दिसायला ती लठ्ठ नाही; घरच्यांच्या मते तर ‘सुधारली’ आहे. परंतु कमरेचा घेर मोजला तर ८६ सेंटीमीटर भरतो. दंड आणि मांड्या सैल, पोट पुढे. जिना चढताना धाप, दुपारी अनावर झोप, सांधे सकाळी जखडलेले. रक्ततपासणीत उपाशीपोटी साखर ९८, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३८. एकेक आकडा सुटा पाहिला तर कोणी घाबरणार नाही. एकत्र पाहिले तर हे बिघडलेल्या चयापचयाचे पुरेसे स्पष्ट चित्र आहे.

ही अवस्था येते कशी? केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसोबत वांती व ॲलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड दिले जाते. त्याने भूक वाढते, साखर वाढते आणि मांसधातूचा क्षय होतो. त्या चार-सहा महिन्यांत हालचाल जवळजवळ थांबते. चाळिशीतील पुष्कळ स्त्रियांची मासिक पाळी केमोथेरपीमुळे अकाली थांबते. जी रजोनिवृत्ती पाच-सात वर्षांत सावकाश यायची ती काही आठवड्यांत येते. त्यानंतर, गाठीच्या तपासणीत संप्रेरकग्राही पेशी आढळल्या असतील तर, पाच ते दहा वर्षे चालणारी गोळी सुरू होते. टॅमॉक्सिफेनने काहींचे ट्रायग्लिसराइड वाढते, यकृतात मेद साचतो. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गटाने हाडे ठिसूळ होतात आणि संधिशूल होतो. याच्या जोडीला घरच्यांचे प्रेम असते : डिंकाचे लाडू, शिरा, फळांचे रस, दुधातून साखर घातलेली पावडर. आजारी माणसाला खाऊ घालणे ही आपल्याकडील माया व्यक्त करण्याची रीतच आहे, आणि त्या मायेला एकाएकी नाही म्हणणे वैद्यालाही जड जाते.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनकाटा फसवा ठरतो, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अतिशय मार्मिक रीतीने दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा उंची-वजन निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील मेद मात्र एकाचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के. हडकुळे दिसणारे पण मेदयुक्त असे हे शरीर आपल्या घरोघरी आहे. तेव्हा स्त्रीच्या बाबतीत कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, या पाचांपैकी तीन गोष्टी आढळल्या तर तिला ‘अशक्त’ म्हणून बृंहण देणे हा चिकित्सेचा विपर्यास होय. वरील उदाहरणातील स्त्रीमध्ये साखर व रक्तदाब वगळूनही तीन लक्षणे पूर्ण होतात.

ज्यांना शक्य असेल त्यांनी उपाशीपोटीचे इन्सुलिनही पाहावे. साखर व इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्यास ४०५ ने भागले असता इन्सुलिनला शरीर किती दाद देत नाही याचा अंदाज येतो. साखर ९८ आणि इन्सुलिन १४ असेल तर उत्तर ३.४ च्या आसपास येते, आणि अडीचच्या वरचे उत्तर सामान्यतः दोषयुक्त धरतात. तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी महाग पडते. तेथे शिंप्याची टेप आणि साधी लिपिड तपासणी यांवर काम भागते, असे आमचे मत आहे.

याचा मूळ रोगाशी संबंध

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन मुख्यतः मेदोधातूत तयार होते. मेदपेशींतील ॲरोमॅटेज नावाचे द्रव्य अन्य संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. इन्सुलिन वाढले की संप्रेरकांना बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन घटते, म्हणून मोकळे इस्ट्रोजेन आणखी वाढते. शिवाय इन्सुलिन स्वतः पेशींच्या वाढीस चालना देते. टोरांटो येथे डॉ. पामेला गुडविन यांनी मधुमेह नसलेल्या ५१२ रुग्णांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखविले की, ज्यांचे उपाशीपोटी इन्सुलिन सर्वाधिक होते त्यांच्यात, सर्वांत कमी असणाऱ्यांच्या तुलनेत, दूरच्या अवयवांत रोग पसरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तिप्पट होते.

येथे वाचकांच्या मनात साहजिकच येईल की मग इन्सुलिन उतरविणारे औषध द्यावे. तसेच त्यांच्याही मनात आले. मेटफॉर्मिन देऊन पाच वर्षे पाहणारी मोठी चाचणी झाली, ३६४९ रुग्णा सहभागी झाल्या, आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला : मधुमेह नसलेल्या रुग्णांत मेटफॉर्मिनने रोगाचे पुनरागमन कमी झाले नाही. हा निष्कर्ष आपणही नीट पचवावा. रक्तातील आकडा आणि रोग यांचा संबंध दिसला म्हणजे आकडा उतरविल्याने रोग टळतोच असे नव्हे. आपल्याकडील ‘मेदोहर’ औषधांच्या जाहिरातींना तर हे अधिकच लागू आहे.

मग चयापचय सुधारण्याचा खटाटोप कशासाठी? आमच्या मते त्याची कारणे अधिक साधी आणि अधिक खात्रीची आहेत. ज्या स्त्रिया कर्करोगातून वाचतात त्यांपैकी पुष्कळजणींचे पुढील आयुष्य हृद्रोग, मधुमेह, अस्थिक्षय यांनीच उणे होते. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलेले हृदय आधीच थकलेले असते. काखेतील ग्रंथी काढल्यावर हाताला येणारी सूज स्थूल स्त्रीत अधिक आढळते. कर्करोग पुन्हा न होणे हे आपल्या हाती थोडेच. मधुमेह न होऊ देणे मात्र पुष्कळ अंशी आहे.

ग्रंथांतील आधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन करताना त्यात कफ आणि विशेषेकरून मेद यांचे आधिक्य असल्याने ते पिकत नाही असे म्हटले आहे. पहिल्या अर्बुदाच्या जागी किंवा जवळ पुन्हा उत्पन्न होणारे अध्यर्बुद आणि एकाच वेळी जोडीने होणारे द्विरर्बुद असाध्य मानले आहेत. यावरून ‘सर्व कर्करोग मेदोज’ असा सिद्धांत मांडण्याचा मोह काहींना होतो. आम्हांस तो मान्य नाही. अर्बुद या संज्ञेत आजच्या सर्व कर्करोगांचा समावेश करणे ग्रंथकारांवर अन्याय करण्यासारखे आहे.

उपचारानंतरच्या अवस्थेसाठी मात्र चरकसंहितेतील अष्टौनिन्दितीय अध्याय (सूत्रस्थान २१) आणि संतर्पणीय अध्याय (सूत्रस्थान २३) हे अत्यंत उपयुक्त आहेत. चरकाचार्य सांगतात की अतिस्थूल व्यक्तीत केवळ मेदाचीच वृद्धी होत जाते, अन्य धातूंचे तसे पोषण होत नाही. मेदाने मार्ग रोधल्यामुळे वायू कोष्ठात विशेषेकरून संचार करतो, अग्नीला पेटवितो, आणि खाल्लेले लवकर जिरून पुन्हा खाण्याची इच्छा होते. सैल दंड, वाढलेले पोट आणि ‘सारखे काही तरी खावेसे वाटते’ ही तक्रार आपण समोर पाहतो, त्याचे यापेक्षा नेमके वर्णन आम्हांस अन्यत्र आढळले नाही. संतर्पणजन्य विकारांत प्रमेहाबरोबर तंद्रा, आलस्य, शरीराचे जडत्व, बुद्धीचा मोह आणि शोफ यांची गणना आहे. केमोथेरपीनंतर ‘विसरायला होते, डोके जड राहते’ असे सांगणाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही यादी ओळखीची वाटेल.

परंतु काळाचा भेद करावा लागतो. केमोथेरपी चालू असताना आणि तिच्यानंतरचे सुमारे दोन-तीन महिने स्त्री खरोखर क्षीण असते : मुखपाक, अरुची, अग्निमांद्य, पांडुता. तेव्हा पेया, मुगाचे यूष, मऊ भात, तूप या क्रमाने अग्नी सांभाळून पोषणच करावे लागते; लंघनाचा विचारही करू नये. वजन घटत असेल तर तेव्हाही नाही, आणि विनाकारण घटत असेल तर ते रोग परतल्याचे लक्षण असू शकते. अपतर्पणाचा अधिकार येतो तो अग्नी स्थिरावल्यानंतर, मेद वाढू लागल्यावर. तेथेही चरकांनी सांगितलेले ‘गुरु पण अपतर्पक’ असे अन्न हवे. म्हणजे पोट भरेल, लवकर जिरणार नाही, पण मेद वाढविणार नाही. नुसती उपासमार केल्यास मेदाबरोबर उरलासुरला मांसधातूही जातो.

आहाराच्या चाचण्या काय सांगतात

पाश्चात्त्य देशांत या विषयावर मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ मध्ये निष्कर्ष आलेल्या एका अमेरिकन चाचणीत २४३७ स्त्रियांपैकी काहींनी आहारातील स्निग्ध पदार्थ बरेच कमी केले; सुमारे पाच वर्षांनंतर त्यांच्यात रोगाचे पुनरागमन ९.८ टक्के, तर नेहमीचा आहार घेणाऱ्यांत १२.४ टक्के आढळले. दुसऱ्याच वर्षी, २००७ मध्ये, ३०८८ स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. त्यात भाज्या, फळे, तंतू पुष्कळ वाढविले होते. तरी सात वर्षांत काहीच फरक पडला नाही. दोहोंत एक लक्षणीय भेद होता. पहिल्या गटातील स्त्रियांचे वजन सरासरी दोन-अडीच किलोंनी कमी झाले होते, दुसऱ्या गटातील स्त्रियांचे झाले नव्हते. इटलीतील सुमारे दीड हजार स्त्रियांच्या चाचणीत पारंपरिक भूमध्यसागरी आहाराने एकूण गटात पुनरागमन घटले नाही. ज्यांनी आहार खरोखर सर्वाधिक बदलला त्यांच्यात ते कमी दिसले. असे करणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक निरोगी, अधिक जागरूक असू शकतात, हे ध्यानात ठेवूनच या शेवटच्या भागाकडे पाहावे.

तात्पर्य, एखादी विशिष्ट भाजी वा फळ रोग रोखते असे रुग्णेस सांगण्यास आधार नाही. कमरेचा घेर कमी करणारा आणि मांसधातू राखणारा कोणताही आहार चालेल. मग तो परक्या देशातून आणण्याची गरज काय?

वाशीमचे ताट

चरकाचार्यांनी अतिस्थूलासाठी जी धान्ये सांगितली आहेत त्यांत यव, श्यामाक, कोद्रव यांच्यासोबत जूर्णाह्व, मूग, कुलत्थ आणि आढकी यांचा उल्लेख आहे. जूर्णाह्व म्हणजे ज्वारी असा अर्थ टीकाकारांनी घेतला आहे, आणि आढकी म्हणजे तूर. भाकर आणि वरण! वऱ्हाडातील एका पिढीपूर्वीचे रोजचे जेवणच ते. आज आपल्या जिल्ह्यातील खरिपाचे शिवार सोयाबीनने व्यापले आहे, मधल्या ओळीत तूर असते, आणि ज्वारी कडब्यापुरती उरली आहे. घरात रेशनचा गहू व तांदूळ येतो. करडईच्या तेलाच्या जागी पिशवीतले तेल आले, आणि तर्रीचा थर जाड झाला.

ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि तितकेच तंतू असतात. पंचाहत्तर ग्रॅमच्या तीन भाकरी दिवसात खाल्ल्या तर २२ ग्रॅम प्रथिने मिळतात. आपल्या ५४ किलोच्या रुग्णेस दिवसाला किमान ५४, आणि मांसधातू भरून यावयाचा असेल तर ६० ते ६५ ग्रॅम हवीत. उरलेली कोठून आणावयाची? तूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम. पण घरचे वरण म्हणजे मूठभर डाळ आणि पातेलेभर पाणी. एकेकीच्या वाट्याला पंधरा ग्रॅम डाळही येत नाही, आणि घरच्या बाईच्या वाट्याला तर तळाशी उरलेले. तेव्हा रुग्णेसाठी डाळ मोजून, दोन वेळा मिळून साठ ग्रॅम, घट्ट शिजवावयास सांगावी. त्यातून १३ ग्रॅम प्रथिने येतात. एक पेला दूध किंवा तितक्याच दुधाच्या दह्याचे ताक ६, चालत असल्यास एक अंडे ६. तरीही कमी पडते.

ही उणीव भरून काढणारे धान्य आपल्याच अंगणात पोत्यांनी पडलेले असते आणि आपण ते सगळे बाजार समितीत नेऊन घालतो. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. अडचण अशी की, ‘सोयाबीनमध्ये स्त्रीसंप्रेरक असते, स्तनकर्करोगात वर्ज्य’ असे या स्त्रियांना कोणी ना कोणी सांगितलेले असते. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन द्रव्ये इस्ट्रोजेनशी साधर्म्य राखतात हे खरे. परंतु चीनमधील शांघाय येथे ५०४२ रुग्णांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये जे आढळले ते उलट आहे : ज्या स्त्रिया आहारातून सर्वाधिक सोया घेत होत्या त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २९ टक्के कमी होते, आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांतही त्याचा अपाय दिसला नाही. तेव्हा अन्न म्हणून सोयाबीनला भिण्याचे कारण नाही. आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल ही मात्र निराळी गोष्ट. त्या देऊ नयेत. सोयाबीन गुरु व विष्टंभी असल्याने तीस ग्रॅमपासून प्रारंभ करावा, रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण उकडून, हिंग-जिरे-आल्यासह उसळ करावी. किंवा भाजून दळणात दहावा हिस्सा घालावा. कच्चे दळू नये; कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारी द्रव्ये असतात आणि पोट फुगल्याची तक्रार घेऊन रुग्णा पुन्हा आपल्याकडेच येते.

जवसाच्या चटणीबद्दल वारंवार विचारणा होते. रोज २५ ग्रॅम जवस देऊन शस्त्रकर्मापूर्वी गाठीतील पेशींच्या वाढीचा वेग पाहणारा ३२ स्त्रियांचा एक छोटा प्रयोग २००५ मध्ये टोरांटोत झाला. वेग काहीसा मंदावला. एवढ्यावरून औषध म्हणून मिरविण्यासारखे काही नाही. परंतु भाकरीसोबत दोन चमचे जवसाची चटणी ही शेंगदाण्याच्या तेलकट चटणीपेक्षा बरीच बरी. उष्ण गुणामुळे अंगाची लाही होणाऱ्या रुग्णेत जपून द्यावी.

साखरेचा हिशेब वैद्याने स्वतः विचारून घ्यावा. चहाचे प्रमाण आपल्याकडे अफाट आहे. दिवसाकाठी पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम साखर. आणि हे ‘मी गोड खातच नाही’ असे सांगणाऱ्या स्त्रीचे मोजमाप असते. दुसरा मुद्दा उपवासांचा. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र मिळून वर्षातील बरेच दिवस होतात, आणि आजारातून वाचलेली स्त्री उपवास वाढविते, कमी करीत नाही. उपवास सोडा म्हणणे व्यर्थ आहे, आणि योग्यही नाही. साबुदाणा व बटाटा यांऐवजी भगर, ताक, राजगिरा, भोपळा यांवर उपवास करावयास सांगावे. भगर ही श्यामाकाच्या जातकुळीतील असल्याने चरकांच्या यादीत बसतेच.

औषधालयाच्या फडताळाकडे

‘ताकदीसाठी’ म्हणून सर्वाधिक दिली जाणारी औषधे म्हणजे शतावरी कल्प, च्यवनप्राश, अश्वगंधायुक्त लेह. कल्पात बहुतांश साखरच असते, अवलेहांतही साखरेचा वाटा मोठा असतो. वर वर्णिलेल्या रुग्णेस दूध-साखर-कल्प सकाळ-संध्याकाळ देणे म्हणजे संतर्पणावर संतर्पण. औषधालयचालकांनी एवढे तरी विचारावे : कर्करोगाचे उपचार झाले आहेत का, रोज कोणती गोळी चालू आहे?

गोळीचे नाव विचारण्याचे कारण गंभीर आहे. टॅमॉक्सिफेन स्वतः फारसे कार्य करीत नाही. यकृतातील विकरे त्याचे रूपांतर एन्डॉक्सिफेनमध्ये करतात आणि खरे कार्य तेच करते. २०१९ मध्ये हॉलंडमधील एका लहान अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांना दिवसाला ३६०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले असता एन्डॉक्सिफेनची रक्तातील मात्रा सुमारे ८ टक्क्यांनी, आणि सोबत मिरीतील पायपरिन दिले असता सुमारे १२ टक्क्यांनी घटली. स्वयंपाकातील हळदीला यामुळे भिऊ नये. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळदीत, जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिलिग्रॅम कर्क्युमिन असते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद खुशाल भाजीत घालावी. पण ‘कर्करोगरोधक’ म्हणून मिरीच्या अर्कासह विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेन चालू असता देऊ नयेत. औषध निष्प्रभ होऊ लागले आहे याचे कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही, हीच यातील खरी भीती.

गुग्गुळाबाबतही आम्ही सावध आहोत. मेदोरोग म्हटला की मेदोहर गुग्गुळ हे समीकरण हाताला सवयीचे झाले आहे. परंतु गुग्गुलुस्टेरॉन यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना चालना देते हे प्रयोगशाळेत दिसले आहे. गोळी चालू आहे तोवर गुग्गुळ कल्प टाळावेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते.

गुडूचीचा विषय नाजूक आहे. चरकांनी स्थौल्यात गुडूची, मुस्ता, त्रिफळा यांचे प्रयोग सांगितले आहेत. उलट पक्षी, कोविडकाळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचे मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अन्य केंद्रांतूनही तशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला आणि सदृश जातीची भेसळ झाली असावी असे सुचविले. वाद कोणाच्याही बाजूने सुटला तरी ज्या यकृतावर टॅमॉक्सिफेनमुळे आधीच मेद साचलेला असू शकतो, तेथे यकृताच्या तपासण्या पाहिल्यावाचून महिनोन्‌महिने गुळवेल सत्त्व वा घनवटी देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अश्वगंधेलाही हीच अट लावावी. मुस्ता, त्रिफळा, ताक, कुळिथाचे कढण, आहारातील आवळा यांवर काम पुष्कळ होते. रसौषधी व भस्मे कर्करोगतज्ज्ञांना कळविल्याशिवाय देऊ नयेत. आणि ‘कर्करोग समूळ बरा’ अशी पाटी वा पत्रक दुकानात लावणे हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे, हे औषधालयचालकांनी विसरू नये.

व्यायाम आणि योग

याविषयी मतभेद अगदी थोडे आहेत. अमेरिकेतील २९८७ परिचारिकांच्या अभ्यासात (२००५) आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांत उपचारांसोबत योगाची चाचणी घेतली आणि २०२२ च्या डिसेंबरात निष्कर्ष मांडले. योग गटात रोगमुक्त जीवितमानात सुमारे १५ टक्के सापेक्ष सुधारणा दिसली. आपल्या भागात प्रश्न वेगळाच असतो. शेतात राबणाऱ्या स्त्रीला ‘फिरायला जा’ म्हटले की ती हसते. पण उपचारानंतर घरच्यांनी तिचे शेत बंद केलेले असते. तिला टप्प्याटप्प्याने पूर्वीच्या कामावर परत आणणे हाच तिचा व्यायाम. सुरुवातीस जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. पुढे उठाबशा, भिंतीला हात टेकून दाब, कारण मांसधातू केवळ चालण्याने भरत नाही.

केसपेपरवर काय असावे

रुग्णालयाची फाइल पाहिल्याशिवाय चिकित्सा सुरू करू नये. गाठीचे संप्रेरकग्राहित्व, दिलेली केमोथेरपी, चालू गोळी आणि ती कधीपर्यंत घ्यावयाची, हे उतरवून घ्यावे. सांधे दुखतात म्हणून किंवा गरम वाफा येतात म्हणून ती गोळी परस्पर बंद करण्यास आपण कधीही सांगू नये. वजन व कमरेचा घेर दर भेटीस, लिपिड, साखर व यकृताच्या तपासण्या सहा महिन्यांनी नोंदवाव्यात. नवी गाठ, एकाच जागी वाढत जाणारे व रात्री जागे ठेवणारे हाडांचे दुखणे, कोरडा खोकला व धाप, नवी डोकेदुखी, कावीळ, टॅमॉक्सिफेन चालू असता योनिमार्गे रक्तस्राव, पोटरीला एकाएकी आलेली सूज, यांपैकी काहीही आढळले तर आमवात, श्वास, प्रदर अशी नावे देऊन औषध सुरू करू नये. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवावे.

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांसाठी एक विशेष सूचना. ज्या बाजूच्या काखेतील ग्रंथी काढल्या आहेत त्या हातावर जलौका, सिरावेध, अग्निकर्म, सूचिवेध, रक्तदाबाचा पट्टा, उष्ण पिंडस्वेद आणि जोराचे उद्वर्तन यांपैकी काहीही करू नये; एवढ्याशा जखमेतून त्या हाताला विसर्पासारखा दाह होऊन कायमची सूज येऊ शकते. छातीत केमोथेरपीचा पोर्ट अजून असेल तर त्यावर अभ्यंगही नको. कोणती बाजू ते केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावे, आणि मसाज करणाऱ्या परिचारिकेला दर वेळी तोंडी सांगावे.